पाणमाहेरची मुराळी

बेटावर जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, अंदमान की लक्षद्वीप? मी सांगते, चुडाव्याला उतरायचं आणि तिथून रिक्षा करायची. मग समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, की निवृत्ती बाईंना मानवलेली दिसत नाही.

आपल्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही हे मीच शाळेत भूगोल शिकवताना घसा कोरडा होईपर्यंत सांगत आले. पण बेट आहे. वर्षातले काही दिवसच असतं, एवढंच. गोदावरीच्या एका वळणात एक गाव आहे. एका अंगाला नदी आणि उरलेल्या सगळ्या अंगांनी ओढा. नदी फुगली की तिचं पाणी उलटं ओढ्यात शिरतं, पूल बुडतो आणि गाव सगळ्या बाजूंनी तुटतं. कागदोपत्री त्या गावाला चांगलं नाव आहे, पण पंचक्रोशीत त्याला नुसतं 'बेट' म्हणतात. मीही तेच म्हणेन.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी वैशाली तिथल्या आरोग्य उपकेंद्रात नोकरीला लागली. "पोरगी नीट जेवते का बघून ये," एवढीच बहिणीची मागणी होती. नवरात्र सुरू झालं होतं, घट आमच्या जाऊबाईंकडे असतात, म्हणजे मी मोकळीच होते. आमचे हे म्हणाले, "पाऊस अजून गेलेला नाही, जरा थांब." मी म्हटलं, पाऊस घटस्थापनेला परत जातो, हे मी पोरांना शिकवत आले आहे. माझ्या भूगोलाला अलीकडे कुणी विचारत नाही, हे मला चुडाव्याला कळलं.

चुडावा

आगगाडीचं वर्णन करत नाही, कारण पिंगळी गेल्यावर मला झोप लागली. शेंगा विकणाऱ्या बाईने दंडाला धरून हलवलं नसतं तर मी नांदेडलाच उतरले असते. मला घ्यायला बालाजी आला होता. हा वैशाली जिथे जेवायला जाते त्या घरचा मुलगा. तिशीच्या आतला, हसरा, आणि मोटारसायकलवर माझ्या चार पिशव्या आणि मी असं सगळं बसेल अशी त्याची ठाम समजूत. बसलंही. फक्त चिवड्याचा डबा एका खड्ड्यात उडाला आणि मागून येणाऱ्या शेळ्यांनी त्याचा निकाल लावला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन काळं पडून उभं होतं. उन्हाळ्यात आपल्याकडे कसा भट्टीसारखा ताव असतो हे परभणीकरांना सांगायला नको. तोच ताव यंदा पावसाळ्यातही मध्येच पडला, आणि मग दोन रात्रींत पोटभर पाऊस, असं बालाजी सांगत होता. ओढ्यावरच्या पुलापाशी त्याने गाडी थांबवली. सिमेंटच्या नळ्यांचा बसका पूल. खाली शांत, गढूळ पाणी, एखाद्या म्हशीसारखं आळसावून पडलेलं.

"ह्ये वाहत कामून न्हाई?" मी त्याच्याच भाषेत विचारलं.

"ह्ये वाहतं पाणी न्हाई म्याडम," बालाजी म्हणाला. "ह्ये चढतं पाणी हाय."

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पुलापलीकडच्या चिखलात माझी एक चप्पल मात्र कायमची राहिली.

बेट

कोंडाबाईंनी, म्हणजे बालाजीच्या आईने, मला बघितलं, माझ्या एका पायातली चप्पल बघितली आणि आतून स्वतःची जोडी आणून दिली. मग म्हणाल्या, "आदी खावा. मग बोला." काळसर, उंच, ताठ बाई. आवाज असा, की दोन घरांपलीकडची गाय मागे वळून बघेल. पुढ्यात धपाटे, दही आणि भुरका आला. भुरका म्हणजे तेलात परतलेलं लसूण-तिखट. परभणीत आम्हीही करतो, पण आम्ही तिखट चवीला घालतो आणि या घरी चव तिखटाला घालतात. डोळ्यांतून पाणी वाहत असताना मी चौथा धपाटा मागितला. कोंडाबाईंच्या मनात माझ्याविषयी आदर उत्पन्न झाला तो तेव्हाच.

वैशाली जेवते का, हा प्रश्न अशा रीतीने पहिल्याच तासात निकालात निघाला. पोरगी गुबगुबीत झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गावातून फिरले. मला वाटलं होतं, सुया टोचणं आणि गोळ्या देणं एवढंच तिचं काम असेल. पण बेटावरचं काम पाणी यायच्या आधीच करावं लागतं. पाणी आल्यावर डॉक्टर येत नाही, वीज राहत नाही, औषध संपलं तर संपलं. प्यायच्या पाण्याचा हातपंप तिने गावकऱ्यांच्या मागे लागून उंच चौथऱ्यावर बसवून घेतला होता. घरोघरी रांजणात क्लोरीनचे थेंब टाकून घ्यायची आणि बाटलीत पाणी घेऊन, त्यात तपासणीचा थेंब टाकून ते पिवळं होतं का बघायची. साचलेल्या डबक्यांत गप्पी मासे सोडले होते. जुलाबाची पाकिटं, तापाच्या गोळ्या, विंचवा-सापाची औषधं अशी सगळी पेटी तिने उपकेंद्राच्या आढ्याला एका जुन्या पाळण्यात टांगून ठेवली होती. पाळणा खाली ओढायचा, औषध घ्यायचं, परत वर. मला ते इतकं आवडलं की मी दोनदा उगीचच डोकं दुखतंय म्हणाले.

गंमत म्हणजे, चहूकडे पाणी असूनही प्यायच्या पाण्याची काळजी इथेही आमच्यासारखीच. आमच्या परभणीत नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो, बायका सकाळपासून हंडे घासून तयार. इथे पाणी दारात येतं, आणि बायका ते घरात येऊ नये म्हणून तयार.

कोंडाबाईंचे थोरले दीर, आबा, ओट्यावर बसून नदीकडे बघत असतात. त्यांना साखरेचा आजार आहे. रोजची सुई कोंडाबाई देतात. वीज गेल्यावर ते औषध खराब होऊ नये म्हणून वैशालीने ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं करून दिलंय. आबांना मी विचारलं, पूर्वीही असंच पाणी यायचं का?

"यायचं की," आबा म्हणाले. "पर आदी पाऊस चार म्हैने पडायचा. आता तेवडाच चार दिसांत पडायलाय. आन आदी गंगा सरावनात यायची, भादव्यात जायची. घट बसले की नदीला आमी इचारत बी नव्हतो. आता ती कवाबी यायलीय. पाव्हणी घरचीच हाय, पर येळ सांगत न्हाई."

हे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात.

पाणमाहेर

कोंडाबाईंची सून, बालाजीची बायको मंगल. बाविशीची असेल. नववा महिना लागलेला, पहिलंच बाळंतपण, आणि हसायला कारण लागत नाही अशी मुलगी. तिचं खरं माहेर दूर, आई लहानपणीच गेलेली. पण तिला दुसरं माहेर होतं. ते काय प्रकरण आहे, हे समजून घ्यायला मला अख्खा एक दिवस लागला.

बेटावरच्या प्रत्येक घराचं ओढ्यापलीकडच्या एका घराशी नातं असतं. रक्ताचं नव्हे, पाण्याचं. बेटावरची सून गरवार, म्हणजे गरोदर, असली की नागपंचमीच्या सुमाराला पलीकडच्या घरचा माणूस मुराळी होऊन येतो. मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा. एरवी तो सख्खा भाऊ असतो, इथे पाण्याचा भाऊ. तो जेवतो, मानपान घेतो आणि तिला घेऊन जातो. पाण्याचे दिवस ती त्या घरी लेकीसारखी राहते, कारण तिथून दवाखान्याला रस्ता आहे. घट बसायच्या आत ते लोक तिची ओटी भरून तिला परत पाठवतात. याला 'पाणमाहेर' म्हणतात. कुणी सुरू केलं कुणास ठाऊक. पण सरकारच्या कितीतरी आधी या बायकांनी बाळंतपणाची सोय लावून ठेवली होती. हे ऐकून मला खरंच भरून आलं.

मंगलही श्रावणात गेली होती आणि रिवाजाप्रमाणे घट बसायच्या आत परत आली होती. रिवाजाच्या हिशेबाने पाणी संपलं होतं. नदीला मात्र हा हिशेब कुणी सांगितला नव्हता.

पाणी

तिसऱ्या दिवशी सकाळी वैशालीने मंगलचा रक्तदाब बघितला आणि तिचा चेहराच बदलला. पावलं सुजली होती. दाब वाढलेला होता. तिने मला बाजूला घेतलं.

"मावशी, हिला आजच्या आज पलीकडे न्यायला पाहिजे. वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत, आत्ता फोन आला. दुपारपर्यंत पूल जाईल. हिला इथे झटके यायला लागले तर माझ्या हातात काही नाही."

वैशाली हे सगळं एका दमात बोलली. वय काय तिचं? मी त्या वयात वर्गातल्या पोरांना घाबरत होते.

आम्ही दोघी ओट्यावर गेलो. वैशालीने कोंडाबाईंना सगळं नीट समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुराळी कुटं हाय?"

मुराळी येऊ शकत नव्हता. पाणमाहेरच्या घरी चार दिवसांपूर्वी म्हातारे वारले होते, सुतक चालू होतं. सुतकातलं घर लेकीला बोलावत नाही.

"अहो, पण दवाखान्यात जायचंय," वैशाली म्हणाली. "दवाखान्याला मुराळी लागत नाही."

"दवाखान्याची गाडी नेऊन सोडंल, ह्ये मला मालूम हाय, ताई," कोंडाबाई म्हणाल्या. "पर उशाला कोण बसंल? ह्या बालाजीला बायांच्या खोलीत घेतेत का? मी गेले तर आबांची सुई येळेवर कोण देईल, तुमी तर पाण्यात गावभर फिरणार, गुरं कोण बघंल, पाण्यात घर कोण राखंल? बोलावल्याबिगर गेलेल्या बाईला कुणी पुसत न्हाई. मुराळी येतो मंजी त्यो जबान देतो, हिचं मी बघतो मनून. जबानीबिगर मी माजं लेकरू कुणाच्या हवाली करू?"

मी तोपर्यंत या बाईंना हट्टी समजत होते, आणि रिवाजापायी सुनेचा जीव घालवणार म्हणून मला त्यांचा रागही आला होता. पण हे ऐकल्यावर तो राग टिकेना. बोलणं खोटं नव्हतं. आमच्या परभणीच्या दवाखान्यात एकट्या आलेल्या बायका मी बघितल्यात. पाणी मागायलाही शेजारच्या खाटेवरच्या माणसांकडे बघतात.

पण राग आला की माझी जीभ माझ्या आधी धावते. "मग मी होते मुराळी!" मी ओरडले. "झालं समाधान?"

बालाजी दारात होता, तो तिथेच थबकला. मंगल आतून डोकावली आणि तिला हसू आवरेना.

"बाईमाणूस मुराळी?" कोंडाबाई म्हणाल्या.

"गंगा म्हैना बदलून यायलीय," आबा ओट्यावरून म्हणाले. "मुराळी पदर घेऊन आला तर काय बिघडलं?"

कोंडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बाजारात बैल पारखतात तसं पाहिलं, असं लिहायचा मोह होतोय, पण ते खरं नाही. फार गंभीरपणे पाहिलं.

"उशाला बसताल?"

"बसते."

"दवाखान्यातून सोडलं की घरी नेताल? पाणी उतरंस्तवर?"

"नेते." इथे मला आमच्या ह्यांचा चेहरा दिसला, पण मी तो बाजूला सारला.

"तिला काई झालं तर?"

इतका वेळ मी तावातावाने बोलत होते, आणि आता पहिल्यांदा कळलं की मी काय कबूल करतेय. एक अनोळखी मुलगी, तिचं न जन्मलेलं मूल, आणि ती जगली-वाचली नाही तर या बाईसमोर मला येऊन उभं राहायचंय.

"मी तिच्याजवळून हलणार नाही," मी म्हणाले. "एवढंच माझ्या हातात आहे."

कोंडाबाई उठल्या. पदर खोचला. "मग बसा जेवायला."

मुराळ्याचं जेवण

मी म्हटलं, जेवायला? आत्ता?

"मुराळी उपाशी गेला तर बोलावणं लागू होत न्हाई," कोंडाबाई म्हणाल्या आणि हरभऱ्याची डाळ काढायला लागल्या. पुरण! पुरणाची डाळ शिजेपर्यंत गोदावरी नाशिकहून दुसऱ्यांदा येऊन गेली असती. वैशाली रडकुंडीला आली. बालाजी पुलाकडे पळाला. शेवटी आबांनी तोड काढली. गोड पाहिजे ना? शेवया करा. घरच्या वाळवलेल्या शेवया होत्या, दूध होतं, गूळ होता. कोंडाबाईंना हे फारसं पसंत पडलं नाही. "शेवयावर बोळवण," असं पुटपुटत त्यांनी चूल पेटवली.

मला पाटावर बसवलं. कुंकू लावलं. ताटात शेवया, भाकरी, वरण, अंबाडीची भाजी, कुरडई. आणि रिवाज असा, की मुराळ्याने तीनदा वाढून घ्यायचं आणि पानात काही टाकायचं नाही. आयुष्यभर मला जास्त खाऊ नको असं सांगणारे लोक भेटले. नेमकं जेव्हा घास उतरत नव्हता तेव्हा मला पोटभर खाणं कर्तव्य होऊन बसलं.

बालाजी धावत आला. "पाणी नळ्यांच्या वर आलंय."

"दुसऱ्यांदा वाढू?" कोंडाबाई.

"वाढा," मी म्हणाले.

वैशालीने गाडीसाठी फोन केला. दवाखान्याची गाडी चुडाव्याहून निघाली होती, ओढ्यापलीकडे थांबणार होती. मी कुरडई पाण्याबरोबर गिळली. मंगल एका कोपऱ्यात गाठोडं बांधत होती आणि माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावत होती. दाब वाढलेली बाई इतकी हसते हे मी पहिल्यांदा पाहिलं.

बालाजी परत आला. "पूल गेला. नामदेवनं होडी आणलीय."

"तिसऱ्यांदा," कोंडाबाई म्हणाल्या. चमच्यातल्या शेवया जमिनीवर सांडल्या तरी त्यांना कळलं नाही, हे मी तेव्हा पाहिलं. त्या घाबरल्या होत्या. मनातून आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. मी मुकाट्याने ताट पुढे केलं आणि सगळं संपवलं.

मग मानाचा आहेर. मुराळ्याला टॉवेल आणि टोपी देतात. बाईला काय द्यायचं याचा रिवाजच नव्हता, आणि नवा रिवाज ठरवायला वेळ नव्हता. कोंडाबाईंनी पांढरी टोपी घडी उलगडून माझ्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला. मंगलची ओटी भरली. तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

ओढा

ज्याला मी परवा म्हैस म्हटलं होतं ते पाणी आता उठून उभं राहिलं होतं. पूल दिसत नव्हता, त्याच्या कठड्याचे दगड तेवढे दिसत होते. पाण्याला ओढ नव्हती, पण ते नुसतं वर येत होतं, आणि हे मला वाहत्या पाण्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटलं.

नामदेव भोयाने आम्हा तिघींना तहसीलने दिलेली नारिंगी जाकिटं घातली. वैशाली पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत येऊन परतणार होती, तिला गावात थांबायचं होतं. म्हणजे माझं हे रूप असं: कोंडाबाईंच्या चपला, वर जाकीट, खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर गांधी टोपी. काठावर गाव जमलं होतं. कुणी हसलं नाही, हे त्या गावाचं मोठेपण.

"डुलू नगा म्याडम," नामदेव म्हणाला.

मी डुलत नव्हते, थरथरत होते. मला पाण्याची भीती आहे. आमच्या घरातली सगळ्यात खोल पाण्याची जागा म्हणजे गच्चीवरची टाकी, आणि तिच्यातही मी कधी डोकावत नाही. मी डोळे मिटून घेतले. तेव्हा माझ्या हातावर एक सुजलेला, गरम हात आला.

"मुराळी रडायलाय का?" मंगलने विचारलं.

"मुळीच नाही."

"मंग डोळे उगडा. ती बघा आमची हीर. आन ती बाभळ दिसायलीय ना, तितं आमी शेळ्या बांदतो."

विहीर म्हणजे पाण्यावरचा एक गोल भोवरा होता. बाभळीच्या शेंड्यावर एक साप गुंडाळून बसला होता. तोही आमच्यासारखाच कुठेतरी पोचायची वाट बघत असावा. मंगल सगळं दाखवत होती, बुडलेलं शेत, बुडलेली वाट, आणि मला तिच्या बोलण्यातून कळलं की तीही घाबरलीय. मग मीच तिला भूगोल शिकवायला घेतला. गोदावरी कुठे उगम पावते, किती लांब जाते, समुद्राला कुठे मिळते. ती ऐकत राहिली. पलीकडे गाडीचा दिवा दिसला तेव्हा आम्ही राजमहेंद्रीपर्यंत पोचलो होतो.

वैशालीने काठावर मंगलचा दाब परत बघितला, गाडीतल्या माणसाला सगळं सांगितलं आणि माझ्या गळ्यात पडली. मग होडीत बसून ती परत पाण्यात गेली. तिच्या आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

परभणी

तालुक्याच्या गावी, पूर्णेच्या दवाखान्यात बघितलं आणि म्हणाले, परभणीला न्या. गाडीतून परभणीला येईपर्यंत मी मंगलचा हात सोडला नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच आत घेतलं. मला म्हणाल्या, "तुम्ही कोण?"

"मुराळी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या टोपीकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

आमचे हे डबा घेऊन आले. सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, "मागची खोली झाडून ठेवतो." या माणसाशी संसार केल्याचा मला क्वचित इतका आनंद झाला असेल.

दाब उतरायला वेळ लागला. मी उशाशी बसले. कधी पाणी दिलं, कधी पाय दाबले, कधी नुसतीच बसले. मनातल्या मनात मी गावदेवीपासून आमच्या गच्चीवरच्या तुळशीपर्यंत सगळ्यांना साकडं घातलं. सकाळी मंगल बाळंत झाली. मुलगी. बारीक, लाल, आणि आवाज थेट कोंडाबाईंचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन मनसोक्त रडले, मग चहा घेतला.

बेटावर फोन लागायला दुपार झाली. वैशाली उपकेंद्राच्या सौर पॅनेलवर फोन चार्ज करत होती. बातमी ऐकून ती किंचाळली आणि फोन घेऊन पळत सुटली. मला पावलांचा आवाज ऐकू येत होता, मग बायकांचा गलका, मग काही नाही. आणि थोड्या वेळाने खरखर. मारुतीच्या पाराजवळ बॅटरीवरचा भोंगा आहे, त्यावरून कोंडाबाई बोलत होत्या. वैशालीने फोन वर धरला होता.

"मी कोंडाबाई बोलायलीय. आमची मंगल बाळंत झाली. पोरगी हाय. दोघी बऱ्या हायत. आता दुसरं ऐका. ज्यांच्या सुना गरवार हायत, त्यांनी मुराळ्याची वाट बघू नगा. आला तर चांगलंच हाय. न्हाई आला, तर मी संगं जाईन. उशाला मी बसंन. आबांची सुई द्यायला काल रातीच बालाजीला शिकिवलं. कुणाला काई मनायचं आसंल तर माज्या घरी येऊन मना."

कुणाला काही म्हणायचं नसावं. भोंगा बंद झाला.

मी आत जाऊन मंगलला सगळं सांगितलं. मला वाटलं, ही आता पोट धरून हसेल. ती बाळाकडे बघत राहिली.

"आत्याबाई लगीन होऊन आल्यापासून एक रात बी बेटाभाईर ऱ्हायल्या न्हाईत," ती म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणते.

"माहेरीसुद्धा?"

"त्यांना भाऊ न्हाई. पाणमाहेर बी तवा त्यांच्या घरला नव्हतं, ते मागनं जुळलं. न्यायला कुणी आलंच न्हाई. आमचे ह्ये बी पाण्यातच झाले. ह्येंच्या आदी एक पोरगी झाली व्हती." तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. "ती ऱ्हायली न्हाई."

मी पुन्हा व्हरांड्यात गेले आणि पुन्हा फोन लावला. या वेळी वैशालीने तो सरळ कोंडाबाईंच्याच हातात दिला. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"पाणी उतरलं की तयार राहा," मी म्हणाले. "तुम्हाला न्यायला मुराळी येतोय. चार दिवस माझ्याकडे राहायचं, नातीजवळ. गुरं बालाजी बघेल."

मला वाटलं, रेंज गेली. मी दोनदा हॅलो म्हणाले.

"कवा यायलाव?" कोंडाबाईंनी विचारलं.